लंडनमधील पहिले दोन दिवस

मे महिन्यात लंडनला उतरलो. घड्याळे साडेचार तास मागे केली. झोप मात्र मुंबईचीच राहिली. पहाटे तीनलाच सारे जागे. पहिला दिवस पेंगण्यात गेला. बाहेरच्या चहाच्या किमतीचे रुपये करून पाहिले नि चहा खोलीवरच केला.

दुसऱ्या दिवशी भुयारी रेल्वेने चॉक फार्मला उतरून १०, किंग हेन्रीज रोड गाठला. १९२१-२२ साली शिकताना बाबासाहेब इथे राहिले. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ही वास्तू विकत घेतली. आईचे गुडघे दुखत होते, तरी ती पायऱ्या चढली. "रमाई तिकडं, नि हे इकडं," एवढेच बोलली. दोन दिवसांतच घर आठवणारे आम्ही गप्प झालो. मग झोपेची तक्रार कोणी केली नाही.