शाई न लागलेले बोट

20 नोव्हेंबर 2024. विधानसभेचे मतदान आटोपले होते. यंत्रे जमा करून आम्ही कर्मचारी रात्री उशिरा एसटीने परतत होतो. शेजारच्या बाकावर माझ्याच केंद्रावरचे एक सर बसले होते. भला माणूस. दुपारी स्वतःच्या डब्यातली भाकरी त्यांनी आग्रहाने मला दिली होती. बोलता बोलता ते सहज म्हणाले, "मॅडम, तुमच्या लोकांचं बरं असतं. जुम्म्याला मशिदीत सांगितलं की एकगठ्ठा मतं पडतात. आमच्यात एका घरात चार पक्ष!"

मला खूप काही बोलायचे होते, पण बोलले नाही. कारण त्या दिवशी कित्येक बोटांना मी शाई लावली होती आणि माझे स्वतःचे मत मात्र पडलेले नव्हते. निवडणुकीच्या कामावर असलेल्याला टपाली मत मिळते. त्यासाठी नमुना 12 भरून द्यावा लागतो. पहिल्या प्रशिक्षणात तो हातात आला होता. "पुढच्या वेळी देऊ," म्हणून पर्समध्ये ठेवला आणि मुदत निघून गेली. दोष माझाच. मुलांना नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईने कोणत्या तोंडाने वाद घालावा?

घरी आले तर तोच विषय. आमच्या मावळात त्या वेळी सामना सुनील शेळके आणि अपक्ष बापू भेगडे यांच्यात होता. शेळके अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे. भेगड्यांच्या मागे महाविकास आघाडी होतीच, शिवाय तालुक्यातले भाजपचे अनेक पदाधिकारीही होते. आता यात मुसलमानांनी गठ्ठा बांधायचा तरी कोणत्या दोरीने? अब्बांनी कब्रस्तानाच्या रस्त्याचा विचार करून मत दिले. भाईजान एमआयडीसीत कामाला. त्याने कंपनीतल्या मित्रांबरोबर दुसऱ्या बाजूला दिले. अम्मीला विचारले तर म्हणाली, "वोट किसको दिया, बताने की चीज है क्या?" भाभीने मतदान केलेच नाही. लग्नाला सहा वर्षे झाली तरी तिचे नाव माहेरी, दौंडच्या यादीत. म्हणजे एका घरातले पाच मतदार, त्यातली मते पडली तीन, आणि तीही एका ठिकाणी नाहीत.

कुणी म्हणेल, तळेगावात आपली वस्तीच थोडी, इथले उदाहरण कशाला? मग मालेगावचे घ्या. मे 2024 मध्ये धुळे लोकसभेला मालेगाव मध्य या विधानसभा क्षेत्रातून काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना जवळजवळ 2 लाख मते मिळाली. त्या सर्व मिळून 4 हजारांपेक्षा कमी मतांनी निवडून आल्या. मग काय, एकगठ्ठा मतदानाची केवढी चर्चा झाली! पण सहा महिन्यांनी त्याच मालेगाव मध्यमध्ये विधानसभेला मुफ्ती मोहम्मद इस्माईल आणि आसिफ शेख समोरासमोर आले, आणि मुफ्तीसाहेब निवडून आले अवघ्या 162 मतांनी. मोहल्ले तेच, मशिदी त्याच. म्हणजे मनात भीती असेल तेव्हा माणसे एकत्र येतात, आणि निवड करायची मोकळीक असेल तेव्हा आपापल्या विचाराने वेगळी होतात. हे सगळ्याच समाजांत घडते. नाव मात्र आपलेच होते.

असो. दुसऱ्यांच्या गैरसमजावर आपण पुष्कळ लिहितो. आपल्या आळसावर कमी लिहितो. मे 2024 मध्ये मावळ लोकसभा मतदारसंघात, म्हणजे पनवेलपासून पिंपरीपर्यंतच्या सहा विधानसभा क्षेत्रांत मिळून, सुमारे 55 टक्केच मतदान झाले. दर शंभरातले पंचेचाळीस जण घरी राहिले. त्यात आपलेही आले.

यात काही अडचणी खऱ्या आहेत. उर्दूतल्या झे, झाल, झ्वाद आणि झोय या चार अक्षरांना देवनागरीत एकच 'ज' किंवा 'झ'. त्यामुळे आधारवर जुलेखा, यादीत झुलेखा, आणि रेशनकार्डावर जुलैखा. खरे तर ओळख पटत असेल तर अशा किरकोळ चुकीसाठी मत नाकारता येत नाही. पण हे आमच्या बायकांना कोण सांगणार? एकदा कुणी हटकले की त्या पुन्हा केंद्राची पायरी चढत नाहीत.

1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशात सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे यादीतून काढावी लागली होती. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच त्यांनी सांगितले होते, स्वतःचे नाव सांगितले नव्हते. ही बहुतेक उत्तरेकडची गोष्ट, आणि त्यात सर्व धर्मांच्या बाया होत्या. आज नाव सांगायला लाज नाही, पण सासरी आल्यावर ते नाव यादीत आणायची गरज घरात कुणालाच वाटत नाही. सुनेचे नाव रेशनकार्डावर मात्र लगेच चढते. तिथे धान्य मिळते ना!

आमच्या तळेगावात 1908 मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी माणसामाणसाकडून एकेक पैसा मागून तो निधी जमवला होता. 'माझ्या एका पैशाने काय होणार?' असे म्हणून सगळे घरी बसते, तर भट्टी पेटलीच नसती. मालेगावातल्या त्या 162 मतांचेही तसेच.

त्या रविवारी मी भाभीला बसवून नमुना 8 भरून घेतला. पत्ता बदलायचा अर्ज तोच. भाईजान म्हणाला, "इतनी जल्दी क्या है?" भाभीने फक्त एक विचारले, "मी कुणाला मत द्यायचं, ते कोण सांगणार?"

"कुणीच नाही," मी म्हटले.

ती हसली आणि तिने सही केली. माझा नमुना 12 अजून पर्समध्येच आहे, कोरा. तो मी मुद्दाम फेकलेला नाही.