‘चालेल का?’च्या पलीकडे

माझ्या नातीला सेरेब्रल पाल्सी आहे हे कळलं, तेव्हापासून पुढची काही वर्षं माझ्या मनात एकच प्रश्न होता. ती चालेल का? डॉक्टर असो, मालीश करणारी बाई असो की देव, सगळ्यांपुढे मी हाच प्रश्न घेऊन गेले. आज माझं मत बदललं आहे. ती चालली तर आनंदच आहे. पण तिला आपल्या हाताने जेवता यावं, कपडे घालता यावेत, कुणाला हाक न मारता संडासला जाता यावं, याला मी चालण्याच्या वरचं स्थान देते. फिजिओथेरपीकडून मी आता हेच मागते. आमच्या अंजनगाव सुर्जीत आणि आसपासच्या गावांत अशी मुलं असलेल्या घरांत अजून तो जुनाच प्रश्न विचारला जातो, म्हणून हे मोकळेपणाने लिहिते आहे.

माझं आधीचं मत कुठून आलं, तेही सांगते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. आमच्या पिढीने पोलिओ पाहिला. लुळा पडलेला पाय, त्याला बांधलेलं कॅलिपर, आणि व्यायाम म्हणजे पायाचा व्यायाम, हेच चित्र डोक्यात बसलेलं. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. रोग गेला, पण ते चित्र काही गेलं नाही. सेरेब्रल पाल्सीचं तसं नसतं. मूल पोटात असताना, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच मेंदूला इजा होते. दिवस भरण्याआधी झालेला जन्म, जन्मताना प्राणवायू कमी पडणं, तीव्र कावीळ अशी तिची कारणं असतात. मेंदूची इजा पुढे वाढत नाही, पण स्नायू ताठरत जातात. त्यात फक्त पाय सापडत नाहीत. बसण्याचा तोल, हाताची पकड, कधी कधी घास गिळणंसुद्धा अवघड होऊन बसतं.

अमरावतीच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी पहिल्याच भेटीत माझ्या मुलीला विचारलं, “सकाळी उठल्यापासून ही काय काय करते, ते सांगा.” मुलगी सांगत गेली. दात आम्ही घासतो, अंघोळ आम्ही घालतो, घास आम्ही भरवतो. त्या यादीत नातीचं स्वतःचं असं काहीच नव्हतं. मग मॅडमनी आम्हाला अशा मुलांच्या हालचालींच्या क्षमतेचे पाच स्तर समजावून सांगितले. १९९७ साली कॅनडात तयार झालेली ही वर्गवारी आता जगभर वापरतात. पहिल्या स्तरातलं मूल बिनआधाराने चालतं, पाचव्यातल्याला मान सावरणंही जड जातं. आमची नात तिसऱ्या स्तरात, म्हणजे वॉकर धरून थोडंफार चालेल, लांब जायला चाकाची खुर्ची लागेल. मूल साधारण कुठपर्यंत चालेल, याचा अंदाज बऱ्यापैकी लहानपणीच येतो. रोजच्या कामांची शिकवणी मात्र त्यानंतरही बरीच वर्षं चालू राहते आणि फळ देते. एवढं कळल्यावर सगळा जीव ‘चालेल का’वर टांगून ठेवण्यात अर्थ नाही, असं मला वाटू लागलं.

फ्रॉक घालायला ती कशी शिकली, ते सांगते. तिला खोलीच्या कोपऱ्यात बसवायचं. दोन्हीकडून भिंतीचा आधार मिळाला की तोल सावरण्यात तिची शक्ती जात नाही, हात मोकळे राहतात. तिचा उजवा हात जास्त ताठर आहे, म्हणून घालताना तो आधी बाहीत जातो. काढताना डावा आधी, उजवा शेवटी. शिकवायचं मात्र शेवटून. डोकं आणि दोन्ही बाह्या आम्ही घालून द्यायच्या, पोटावरून फ्रॉक खाली ओढणं तेवढं तिचं. ते जमलं की दुसरी बाही तिची, मग पहिली, मग डोकं. काम दर वेळी तिच्याच हातून पुरं होतं, त्यामुळे हिंमत टिकते. शेजारच्या काकूंना ते बघवेना. “बाई, काहून रडवता लेकराले? घालून द्या ना पटकन!” मी काही बोलायच्या आतच नात म्हणाली, “मी करतो.”

जेवताना ताटाखाली ओलं फडकं असतं, म्हणजे ताट सरकत नाही. चमच्याच्या दांड्यावर सायकलच्या हँडलची रबरी मूठ चढवली आहे, जाड दांडा तिच्या मुठीत नीट बसतो. उकिडवं बसता येत नाही म्हणून कमोडची खुर्ची आणली आणि भिंतीला धरायला लोखंडी पाइप बसवला. हे सगळं गावातच झालं. पानपिंपळीच्या आणि पानमळ्याच्या कामावर जाणाऱ्या आईला अमरावतीची प्रत्येक खेप म्हणजे बुडालेली मजुरी असते. घरातली कामं हाच व्यायाम झाला, तर ती खेप कमी होते आणि सराव रोज होतो.

अभ्यासही याच बाजूने आहेत. ऑस्ट्रेलियातल्या आयोना नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली सेरेब्रल पाल्सीवरच्या उपचारांचा मोठा आढावा घेतला. ठरवलेलं काम मुलाने स्वतः, खऱ्या परिस्थितीत, पुन्हा पुन्हा करणं उपयोगी ठरतं, असं त्यात दिसलं. दुसऱ्याने नुसते हातपाय ओढून ताणण्याबद्दल असा भरवसा मिळाला नाही. याचा अर्थ स्प्लिंट किंवा सांगितलेले व्यायाम आपल्या मनाने बंद करावेत असा मुळीच नाही. रोजच्या कामातून उपचार हा विचार आपल्याकडे नवाही नाही. मूळच्या अमेरिकन कमलाबाई निंबकरांनी १९५० साली मुंबईत ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं आणि १९५८ मध्ये ते नागपुरात आणलं.

माझं मत पक्कं झालं ते दोन कारणांनी. नात उद्या मोठी होईल, तिला पाळी येईल. अंघोळ, कपडे, स्वच्छता सगळंच दुसऱ्याच्या हाती राहिलं, तर तिच्या शरीरावर तिचा हक्क राहणार नाही. तिथे कुणी हात लावावा आणि कुणी नाही, हे तिला ठरवता आलं पाहिजे. दुसरं कारण, आमच्यानंतर काय? आमच्या शेजारच्याच अचलपूर तालुक्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी बेवारस दिव्यांग मुलांना आपलं आडनाव दिलं. अठराव्या वर्षानंतर या मुलांनी जायचं कुठे, हा प्रश्न ते वर्षानुवर्षं सरकारपुढे मांडत आले आहेत. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी त्यांची दृष्टिहीन मानसकन्या माला एमपीएससी उत्तीर्ण झाली. आई-बापाविना मुलं इतकी पुढे जातात, मग घरच्या मुलांना आपण हातचं राखून का वाढवायचं?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्यांची एकदा तपासणी व्हायची असते. विकासात मागे असलेल्या मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचं असतं. तो कागद हातात पडला की घरी ठेवून देऊ नका, लगेच जा. अशा मुलांसाठीच्या निरामय विमा योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतच्या खर्चात थेरपीही धरली जाते, तिचा अर्ज भरा. प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात कायमचा फिजिओथेरपिस्ट असावा, ही मागणी आपण सगळ्यांनी मिळून लावून धरली पाहिजे. आणि तुमच्या घरात असं लेकरू असेल, तर उद्यापासून एक काम पूर्ण त्याचं म्हणून ठरवा. वेळ लागेल, सांडेल, चिडचिड होईल. तरी ते काम त्याच्या हातून काढून घेऊ नका.