बिबट्याला हाक

शिकार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बंदूक येते. पण बंदूक ही शेवटची गोष्ट. त्याआधी जनावर कुठून येतं-जातं याचा माग काढायचा असतो, आणि जमलंच तर त्याला आपल्याजवळ बोलवायचं असतं. आता लोकांच्या हाती बंदुकीऐवजी कॅमेरा आला, तरी ही दोन कामं तीच राहिली. आमच्या घरात त्यावरून चांगलीच वादावादी झाली, म्हणून हे लिहायला बसले.

माझं सासर जुन्नर तालुक्यातलं. आम्ही गावात राहतो, मी सकाळच्या शाळेत अर्धवेळ शिकवते. मळ्यात सासूबाई आणि थोरले दीर-जाऊबाई. चहूकडे ऊस, आणि उसात बिबट्या. उसात गारवा, पाणी, लपायला जागा. शिवाय वस्तीवरची कुत्री, शेळ्या. त्याला आणखी काय हवं?

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून पुतण्या आला तो भलाथोरला कॅमेरा घेऊन. "काकू, या खेपेला बिबट्याचा फोटो काढल्याशिवाय जात नाही!" माग काढायला त्याने गुरू केलं ते आजीला. सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या, पण बांधावरचा चिखल वर्तमानपत्रासारखा वाचतात. त्यांनी त्याला पाटाकडेचे ठसे दाखवले. "हे बघ, चार बोटं आहेत, पण नखं उमटली नाहीत. चालताना तो नखं आत ओढून घेतो. कुत्र्याची नखं उमटतात." ठशाच्या कडा अजून ढासळल्या नव्हत्या, म्हणजे रात्रीचाच. विष्ठेत केस दिसले. कुत्री कुठल्या बाजूला तोंड करून भुंकतात, तेही ऐकायला सांगितलं. दोन दिवसांत पोराला त्याची वाट कळली: ओढा, बांध, विहीर, पुन्हा ऊस.

इथवर सगळं छान चाललं होतं. तिसऱ्या दिवशी त्याने पिशवीतून एक छोटा स्पीकर काढला. त्यात शेळीच्या करडाचं केविलवाणं ओरडणं भरलेलं! अंधार पडला की बांधावर ते लावायचं आणि आपण मोटारीत कॅमेरा घेऊन बसायचं, असा बेत. परदेशात म्हणे असेच आवाज काढून कोल्हे नि रानमांजरं बोलावतात.

मी म्हटलं, "अरे, पलीकडे ऊसतोडीच्या टोळीच्या कोप्या आहेत. पाचटाच्या भिंती आणि आत लहान पोरं. तुझ्या आवाजाला तो आला, करडू सापडलं नाही, तर भुकेला तो जाईल कुठे?"

तो म्हणाला, "काकू, जिम कॉर्बेटसुद्धा वाघाला हाक मारून बोलवायचे."

खरं आहे. मीही ते वाचलंय. १९३८ च्या नोव्हेंबरात कुमाऊंतल्या ठाक गावाजवळ त्यांनी वाघिणीच्या हाकेला वाघाच्या आवाजात उत्तर दिलं आणि तिला समोर आणलं. पण ती नरभक्षक होती, तिच्या भीतीने अख्खं गाव ओस पडलं होतं. आणि आवाज काढणारा माणूस स्वतः पायी तिच्या वाटेत उभा होता. धोका होता तो त्याच्या जिवाला. इथे धोका कोप्यातल्या पोरांना, आणि हौस मोटारीतल्या माणसाची!

शिवाय कायदा आहेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत नुसतं मारणंच नाही, तर आमिष दाखवणंही धरलंय. हे ऐकून पोरगा जरा वरमला.

पण त्याला खरं पटलं ते आजीचं बोलणं. आमच्याकडे ऊसतोडीत कधीकधी बिबट्याची पिल्लं सापडतात, मांजराच्या पोरांएवढी. वनखात्याची माणसं ती तपासतात आणि संध्याकाळी खोक्यात घालून त्याच जागी ठेवतात. माणसं लांब जातात. पिल्लं ओरडतात, अंधारात आई येते आणि एकेकाला मानेला धरून घेऊन जाते. सासूबाई म्हणाल्या, "ती हाकेला येती बाबा. रडणाऱ्या पोराचा आवाज खोटा काढून कुणाला बोलवू नये."

आणि गंमत बघा, इथल्या आम्ही बायका आवाज करतो तो नेमका उलट्या कारणासाठी. संध्याकाळी गोठ्याकडे जाताना मोबाइलवर मोठ्याने गाणी लावायची, जोडीने बोलत जायचं, हातात बॅटरी घ्यायची. गवत कापताना एकटीने वाकून बसायचं नाही. शेळ्या वरून जाळी असलेल्या बंद गोठ्यात, पोरं अंधार पडायच्या आत घरात. माणसाचा आवाज आला की त्याने बाजूला व्हावं, एवढाच आमचा त्याच्याशी करार. तो मोडला की आधी भरडली जाते गवत कापणारी बाई, आणि मागून पिंजऱ्यात जातो तो बिबट्या.

मग फोटोचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. जंगलखात्यात नोकरी केलेल्या एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाच्या साहेबांनी शंभर वर्षांपूर्वी एक युक्ती केली होती. वाघाच्या वाटेवर तार लावायची. तारेला पाय लागला की वाघ आपला फोटो आपणच काढणार. त्यांचं पुस्तक १९२७ साली निघालं. आता तारेची गरज नाही, जनावर समोरून गेलं की कॅमेरा आपोआप चालतो. पुतण्याने मित्राकडून तसा कॅमेरा मागवला, वनरक्षकाला विचारलं आणि आमच्याच बांधावर खांबाला बांधला.

पहिल्या दोन रात्री मुंगूस. तिसऱ्या रात्री आमचंच कुत्रं. पाचव्या रात्री एक कान, अर्धी पाठ आणि वर वळलेलं शेपूट! पोरगा असा नाचला, की जणू त्याला पदवीच मिळाली. सासूबाईंनी फोटो चष्मा लावून पाहिला आणि म्हणाल्या, "ब्येस आहे. त्याच्या वाटंनं गेला, आपल्या वाटंला आला नाही."

स्पीकर हल्ली जाऊबाईंच्या गोठ्यात असतो. धार काढताना त्यावर भजनं चालू असतात.