पिलर जाड झाले ते दिवस

१९९१ साली आमच्या दादरच्या इमारतीचे पिलर जाड झाले. ‘जॅकेटिंग’ हा शब्द तेव्हा चौथीतल्या पोरांच्याही तोंडी होता. आधी घराघरांत बल्ल्यांचे टेकू लागले. त्यांच्यामधूनच वाट काढत जेवणं, अभ्यास, पाहुणे. मिस्त्री हातोडीने ठोकत फिरायचा. ‘टण’ वाजलं की ठीक; ‘बद्द’ वाजलं की गिलावा उतरायचा आणि आतून फुगून पापुद्रे सुटलेल्या सळ्या दिसायच्या. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि काँक्रीट फोडतो, हे आम्ही शाळेच्या आधी तिथे शिकलो. मग जुन्या पिलरभोवती नव्या सळ्यांचा पिंजरा, बाहेरून फळ्या आणि घमेल्यांनी माल. चारही बाजूंनी चार-चार इंच वाढलेल्या पिलरने आजीचं फडताळ स्वयंपाकघरातून कायमचं हद्दपार केलं. त्या वर्षी फराळालाही सिमेंटची चव होती.

मध्यंतरी शेजारच्या इमारतीत कार्बन फायबरचं काम पाहिलं. काळ्या कापडाचा तागा, इपॉक्सीचे डबे, रोलर. पिलरच्या कडा घासून गोल केल्या (धारदार कोपऱ्यावर हे कापड तुटतं), खड्डे भरले आणि हाडवैद्याने पट्टी बांधावी तसं ते गुंडाळलं. जाडी जेमतेम मिलिमीटरभर. भाराखाली काँक्रीट बाहेर फुगू पाहतं, त्याला हे कापड आवळून धरतं. फडताळ जागच्या जागी.

सरस आहेच, वाद नाही. पण सळ्या गंजलेल्या असतील तर आधी त्यांचा इलाज करावा लागतो. नुसतं गुंडाळणं म्हणजे दुखणं झाकणं. शिवाय आगीत इपॉक्सी लवकर मऊ पडतं, म्हणून वरून संरक्षक थर हवा. ठोकणं मात्र सुटलेलं नाही. कापड वाळल्यावर एक पोरगा ठकठक करत आतल्या पोकळ्या शोधत होता. कान आमच्या मिस्त्रीइतकाच तयार!

गंमत म्हणजे, आमच्याकडे घमेली फिरत होती त्याच १९९१ साली स्वित्झर्लंडमध्ये लुसर्नजवळचा इबाख पूल कार्बनच्या पट्ट्या चिकटवून दुरुस्त झाला. सिग्नल बसवण्यासाठी भोक पाडताना पुलाच्या पोटातली ताणलेली केबल दुखावली होती. १७५ किलो पोलादाचं काम ६.२ किलो पट्ट्यांवर भागलं.

आमच्या जाड्या पिलरवर बाबांनी पहिल्याच आठवड्यात कालनिर्णयसाठी खिळा ठोकला होता. शेजारी आता सेक्रेटरींनी नोटीस लावली आहे: पिलरला ड्रिल लावल्यास दंड.