शंभर जणांचा कौल

नोकरीच्या निमित्ताने इंग्लंडमध्ये बिऱ्हाड थाटले, तेव्हा त्या देशाच्या इतिहासाचा आणि वाङ्मयाचा परिचय आम्हां उभयतांना ग्रंथांतून झालेला होता. परंतु तेथील सामान्य गृहस्थाच्या मनात प्रथम काय उमटते, याची ओळख जानेवारी १९८० मध्ये आयटीव्हीवर सुरू झालेल्या ‘फॅमिली फॉर्च्युन्स’ या खेळाने करून दिली. अमेरिकेतील ‘फॅमिली फ्यूड’वरून घेतलेल्या त्या खेळाची सूत्रे आरंभी बॉब मंकहाउस यांच्या हाती होती. पाच-पाच जणांची दोन कुटुंबे समोरासमोर ठाकत, आणि शंभर लोकांना आगाऊ विचारून ठेवलेल्या प्रश्नाला त्यांपैकी बहुतेकांनी काय जबाब दिला असेल, याचा अदमास त्यांना बांधावा लागे. तीनदा अदमास चुकला, की संधी प्रतिपक्षाकडे जाई.

विद्वत्तेचा तेथे मुलाहिजा नसे. कितीही सयुक्तिक उत्तर असो, ते त्या शंभरांना सुचलेले नसेल, तर नकाराचा कर्कश ध्वनी उमटे, आणि कौल तोच निवाडा ठरे. न्याहारी, पाहुणचार, शेजारपाजार यांविषयी आम्हांला सुचणारी उत्तरे पुण्यातील शंभर जणांत निःसंशय मान्य झाली असती. ज्याला आपण सार्वत्रिक व्यवहारज्ञान समजतो, त्यालाही मुलूख असतो, हे मला शंभरांची उत्तरे दाखविणाऱ्या त्या खेळातील फलकाने शिकविले.

पुढे १९८७ पासून २००२ पर्यंत लेस डेनिस सूत्रधार होते. त्या काळात आमची मुले तेथील शाळांत वाढली, आणि जी उत्तरे आम्ही प्रयत्नपूर्वक आत्मसात केली होती, ती फलकावर प्रकट होण्यापूर्वीच त्यांच्या मुखातून सहज बाहेर पडू लागली; त्या क्षणी अभिमान आणि एक सूक्ष्म विरहभावना माझ्या मनात एकदमच उत्पन्न होत. २०२० मध्ये तर इटलीत जन्मलेले जिनो डी’अकॅम्पो सूत्रधार झाले, आणि बाहेरून आलेला मनुष्यच इंग्लंडच्या घराघरांना त्यांच्याच शंभरांचा कौल ऐकवू लागला, याचे मला मनापासून समाधान वाटले.

म्हणून परमुलखात वास्तव्यास जाणाऱ्या तरुणांना माझे आग्रहाचे सांगणे आहे, की तेथील ग्रंथालयाइतकाच तेथील लोकप्रिय खेळांचाही आदर करा. राष्ट्राचे श्रेष्ठ विचार ग्रंथांत सापडतात. पण शेजाऱ्याच्या मनात प्रथम काय येते, हे उमगल्यावाचून शेजारधर्म घडत नाही.