ऑर्डरमागे किती उरतं?

ऑनलाइन दुकान काढू पाहणारा जवळजवळ प्रत्येक माणूस मला पहिला प्रश्न एकच विचारतो: "सगळ्यात स्वस्त सॉफ्टवेअर कोणतं?" मी त्यालाच उलट विचारतो, महिन्याला किती ऑर्डरी येतील आणि एका ऑर्डरमागे तुमच्या हातात किती उरतं? बहुतेकांनी हा हिशेब मांडलेला नसतो. छोट्या दुकानांना वेबसाइट उभारून देणं आणि नंतर ती सांभाळणं हे माझं काम. या कामात मला एक गोष्ट पक्की पटली आहे. कार्टचा, म्हणजे ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, स्वस्तपणा महिन्याच्या भाड्यावर ठरत नाही. एक माल गिऱ्हाइकाच्या दारात पोचेपर्यंत किती पैसे गळतात, त्यावर तो ठरतो.

उदाहरण कोल्हापुरी चपलांचं घेऊ. २०१९ साली या चपलांना भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. जून २०२५मध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दिसल्या आणि देशभर चर्चा झाली, तेव्हा अनेक कारागीर घरांतल्या तरुण मुलांनी आपणच का विकू नये असा विचार केला. तो विचार अगदी रास्त आहे. मधला व्यापारी गळला तर कारागिराच्या घरात जास्त पैसे यायला हवेत. ते खरंच येतात का, हे पाहायचं.

जोडाची किंमत १,२०० रुपये आणि महिन्याला ३० ऑर्डरी धरा. शॉपिफायसारखं भाड्याचं दुकान घेतलं तर पूर्ण दुकानाची सर्वांत छोटी योजना महिन्याला साधारण दोन हजार रुपयांना पडते, वर्षाचे एकदम भरले तर थोडी कमी. म्हणजे एका ऑर्डरमागे ६७ रुपये भाडं. शॉपिफायची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नाही. त्यामुळे बाहेरचं पेमेंट गेटवे जोडावं लागतं आणि त्याबद्दल छोट्या योजनेत शॉपिफाय २ टक्के वेगळे घेतं. ते झाले २४ रुपये. गेटवेवाल्याचे सर्वसाधारणपणे २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २८ रुपये ३२ पैसे. बेरीज ११९ रुपयांच्या घरात जाते. किमतीच्या जवळजवळ दहा टक्के! आणि अजून कुरिअरचा पत्ताच नाही.

आता दुसरी बाजू. वूकॉमर्स हे वर्डप्रेसवर चालणारं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते २०११ साली आलं, २०१५ साली ऑटोमॅटिक या कंपनीने विकत घेतलं, तरी आजही मुक्तस्रोत आहे. ओपनकार्टही तसंच. होस्टिंग आणि डोमेन मिळून वर्षाला सहा हजार धरले तर महिन्याला ५०० होतात, म्हणजे ऑर्डरमागे १७ रुपये. गेटवेचे २८ मिळवले की ४५. फरक डोळ्यांत भरतो. पण हे ४५ रुपये कुणाला लागू पडतात? घरात कुणीतरी अपडेट करणारं, बॅकअप घेणारं, साइट बंद पडली तर रात्री बसून पाहणारं असेल त्याला. ते काम महिन्याला दीड हजार देऊन करून घेतलं तर ऑर्डरमागचा आकडा ९५ होतो. मोफत सॉफ्टवेअरचा खर्च माणसाच्या वेळेत असतो, आणि तो वेळ कुणाचा हे आधी ठरवावं लागतं.

हाच हिशेब महिन्याला ३०० ऑर्डरींवर मांडा. भाड्याच्या दुकानाचं भाडं ऑर्डरमागे सात रुपयांवर येतं, पण टक्केवारी तशीच राहते. एकूण ५९ रुपये. स्वतःच्या दुकानाचे, माणसाचे पैसे धरूनसुद्धा, ३५. होस्टिंग थोडं मोठं घ्यावं लागेल हे खरं, तरी महिन्याला सात हजारांच्या आसपास फरक पडतो. तेवढ्यात एक अर्धवेळ मदतनीस ठेवता येतो. म्हणून मी कुणाला एकच नाव सांगत नाही. ज्याला तांत्रिक कामाची अजिबात आवड नाही आणि ज्याच्या ऑर्डरी कमी असल्या तरी मार्जिन चांगलं आहे, त्याने भाड्याचं दुकान खुशाल घ्यावं. ज्याचं मार्जिन बारीक आणि खप मोठा, त्याने टक्केवारीपासून दूर राहावं.

आणि महिन्याला दहाच्या आत ऑर्डरी असतील तर? मग कार्ट घेऊच नका, असं मी स्पष्ट सांगतो. व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये वस्तूंची यादी फोटो आणि किमतीसकट लावता येते, यूपीआयने पैसे थेट खात्यात येतात. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून एमडीआर, म्हणजे व्यवहारामागचं शुल्क, घेतला जात नाही. गेटवे मात्र स्वतःच्या सेवेचे पैसे यूपीआयवरही लावू शकतं. म्हणून गेटवे निवडताना यूपीआयचा दर वेगळा आणि लेखी मागा. आपल्याकडची बहुतेक गिऱ्हाइकं यूपीआयनेच पैसे देतात, त्यामुळे तिथला एक टक्का क्रेडिट कार्डावरच्या दोन टक्क्यांपेक्षा महाग पडू शकतो.

आता मालाकडे वळू, कारण सॉफ्टवेअरची खरी परीक्षा तिथे होते. कोल्हापुरीतल्या कापशी चपलेचा एकच नमुना घ्या. मापं सहा ते अकरा, रंग तीन, अंगठा असलेली आणि नसलेली. झाले छत्तीस प्रकार. प्रत्येकाचा साठा वेगळा. नऊ नंबरची काळी संपली की ती दुकानातून आपोआप दिसेनाशी व्हायला हवी, नाहीतर पैसे घेऊन बसायचं आणि मग गिऱ्हाइकाला फोन करून माफी मागायची. काही स्वस्त सॉफ्टवेअर एका वस्तूला माप आणि रंग असे दोनच पर्याय देतात. मग दुकानदार अंगठ्याची चप्पल वेगळी वस्तू म्हणून टाकतो आणि साठ्याचा मेळ कायमचा बिघडतो. म्हणून चाचणीच्या काळात आपला सर्वांत अवघड माल आधी चढवून पाहा. साध्या मालावर सगळीच सॉफ्टवेअर छान चालतात.

दुसरी परीक्षा खोक्याची. कुरिअरवाले वजन दोन तऱ्हांनी मोजतात, काट्यावरचं आणि आकारमानाचं, आणि जे जास्त त्याचे पैसे लावतात. आकारमानाचं वजन काढायचं तर लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुधा ५,००० ने भागायचं. ३० बाय २० बाय १२च्या खोक्याचं वजन येतं १.४४ किलो, आकारणी दीड किलोची. आत चप्पल मात्र पाऊण किलोची. तीच जोडी तळ एकमेकांना लावून घट्ट पुडक्यात बांधली तर एक किलोत बसते. दिवाळीचा चिवडा पाठवणाऱ्या घरगुती उद्योगांना तर हे फार जाणवतं, कारण चिवडा हलका आणि पिशवी फुगलेली. कार्टमध्ये प्रत्येक वस्तूचं वजन आणि मापं दोन्ही भरायची सोय नसेल, तर कुरिअरचा खर्च अंदाजाने लावावा लागतो आणि चुकलेला अंदाज तुमच्याच खिशातून जातो.

तिसरी परीक्षा घरपोच रोखीची. सीओडीवर गेलेला जोड परत आला की जाण्यायेण्याचं दोन्ही भाडं अंगावर पडतं. एका बाजूचे ८० रुपये धरले आणि दहा ऑर्डरींत एक परत आली, तर उरलेल्या नऊ ऑर्डरींवर प्रत्येकी १८ रुपये चढले. वर काढलेल्या होस्टिंगच्या १७ रुपयांपेक्षा ते जास्त आहेत! होस्टिंगमध्ये वर्षाला पाचशे वाचवायला लोक आठवडाभर शोधाशोध करतात आणि इकडे सीओडी सगळ्या देशाला उघडी ठेवतात. ज्या पिनकोडवरून माल वारंवार परत येतो तिथे सीओडी बंद करता येते का, रोखीवर थोडं जास्त शुल्क लावता येतं का, पाठवण्याआधी संदेश जाऊन होकार घेता येतो का, हे तीन प्रश्न विकणाऱ्याला जरूर विचारा. मापाचा तक्ता, पाय कागदावर ठेवून कसा मोजायचा याच्या चित्रासह, वस्तूच्या पानावरच असावा. परत येणाऱ्या जोडांवर तेवढा साधा उपाय मला दुसरा दिसलेला नाही.

पिनकोडवरून एक आठवण सांगायला हवी. ही सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, आणि ती तयार करणारे टपाल खात्यातले श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवीही होते. आपल्याकडचे पत्ते "मारुतीच्या देवळामागे, पाण्याच्या टाकीजवळ" असेच असतात, आणि ते योग्य गावात पोचतात ते त्या सहा आकड्यांमुळे. चांगलं कार्ट आधी पिनकोड विचारतं आणि गाव, जिल्हा, राज्य स्वतः भरतं. परदेशी साच्यातलं कार्ट आडनावापासून परगण्यापर्यंत दहा रकाने भरायला लावतं, खातं उघडायला सांगतं, आणि फोनवर अंगठ्याने टाइप करणारं गिऱ्हाईक निघून जातं.

राज्य बरोबर लागणं करासाठीही आवश्यक आहे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विकलं तर बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी, बाहेर गेलं तर आयजीएसटी. ४० लाखांखाली उलाढाल असलेल्याला राज्यात माल विकायला नोंदणीची सक्ती नाही, पण राज्याबाहेर माल पाठवायचा तर उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. काही हस्तकला वस्तूंना यात सवलत आहे. ती आपल्या मालाला लागते का हे सीएंना विचारून घ्या. आणि दर बदलतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांच्या जोडाला ५ टक्के लागू झाले, त्यावरच्याला १८. ऐन दिवाळीच्या तोंडावर ज्यांच्या कार्टमध्ये कराचे वर्ग होते त्यांनी एका जागी आकडा बदलला. ज्यांनी प्रत्येक वस्तूच्या किमतीत कर हाताने मिसळला होता, त्यांना प्रत्येक वस्तू उघडावी लागली. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर देणंही २०२०च्या ग्राहक संरक्षण नियमांत आहे, आणि आलेल्या तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते. खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनी एफएसएसएआयचा क्रमांक विसरू नये.

मराठीबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. विकणारा म्हणतो, "सॉफ्टवेअर मराठीत चालतं." पान उघडलं की चालतंही. मग तुम्ही बिलाची पीडीएफ काढता आणि जोडाक्षरं फुटलेली दिसतात, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर बसलेली असते. फुकट मिळणाऱ्या बऱ्याच बिल प्लगइनांच्या आत पीडीएफ बनवणारी जी यंत्रणा असते, तिला देवनागरी जुळवणं येत नाही. गिऱ्हाइकाचं नाव मोडून छापलेलं बिल मला पाहवत नाही. त्यामुळे पैसे भरण्याआधी "क्षितिजा", "ज्ञानेश्वर", "विठ्ठल" अशी नावं घालून एक बिल छापून पाहा. शोधाच्या रकान्यात "चप्पल" देवनागरीत लिहा, मग रोमन लिपीत लिहा. दोन्हीकडे माल दिसला पाहिजे.

आणि शेवटी तो खर्च, जो पहिल्या दिवशी कुठल्याच दरपत्रकात नसतो: निघून जाण्याचा. मी पाहिलेल्या छोट्या दुकानांचं सर्वांत मोठं नुकसान इथेच झालं आहे. वेबसाइट करून देणारा स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर डोमेन घेतो. दोन-तीन वर्षं सगळं सुरळीत चालतं. मग तो नोकरीला लागतो, किंवा पैशांवरून वाद होतो, किंवा फोन उचलणं बंद करतो. पिशव्यांवर, खोक्यांवर, दुकानाच्या पाटीवर छापलेलं नाव दुसऱ्याच्या खात्यात अडकतं. मुदत संपली की ते बाजारात मोकळंही होऊ शकतं. एका घरगुती मसाल्यांच्या उद्योगाला असंच नाव सोडून नव्याने सुरुवात करावी लागली. जुनी गिऱ्हाइकं परत मिळवण्यात त्यांचा अख्खा हंगाम गेला. भाड्याच्या गाळ्यात धंदा करायला काहीच हरकत नाही, पण पाटी आणि उधारीची वही आपल्या घरी असावी.

ती वही म्हणजे गिऱ्हाइकांची, मालाची आणि ऑर्डरींची यादी. कोणतंही सॉफ्टवेअर घेण्याआधी, चाचणीच्या काळातच, या तीनही याद्या साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये उतरवता येतात का ते करून पाहा. काही ठिकाणी माल उतरतो आणि गिऱ्हाइकं उतरत नाहीत. काही ठिकाणी ही सोय महागड्या योजनेतच असते. असं सॉफ्टवेअर आज मोफत मिळालं तरी मी ते घेऊ देत नाही. यादी उतरवली की नीट सांभाळायचीही असते, कारण त्यात लोकांचे पत्ते आणि फोन नंबर आहेत. कार्डांचे नंबर मात्र ठेवायचेच नाहीत; ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने दुकानदारांना ते साठवायला मनाई केली आहे.

तुमचं ऑनलाइन दुकान आधीच चालू असेल, तर हा लेख बाजूला ठेवून एवढं करा. डोमेन कोणत्या ईमेलवर नोंदलेलं आहे आणि त्या ईमेलचा पासवर्ड कुणाकडे आहे ते शोधा. तो तुमच्याकडे नसेल, तर करून देणाऱ्याशी संबंध चांगले आहेत तोवर, सणाचा फराळ घेऊन जा आणि डोमेन आपल्या नावावर करून घ्या.