उलट्या पिळाचा बिट

आमच्या गॅरेजच्या कपाटात एका डब्यात पाच-सहा ड्रिल बिट वेगळे ठेवलेले असतात. नवा कामगार हमखास विचारतो, "उस्ताद, हे असे कसे?" त्यांचे पीळ नेहमीच्या बिटच्या उलट दिशेने जातात आणि मशीन रिव्हर्समध्ये चालवले तरच ते कापतात. त्यांचा उपयोग मरहूम अब्बांनी मला शिकवला होता. पण तो खरा समजला गेल्या पावसाळ्यात.

पेरणीचे दिवस होते. एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर दुरुस्तीला आला होता. एक्झॉस्टचा गंजलेला बोल्ट खोलताना माझ्या सोळा वर्षांच्या मुलाने पान्याला पाइप लावून जोर केला. बोल्टचे डोके तुटले आणि उरलेला तुकडा हेडमध्येच राहिला. घाबरून त्याने कुणाला सांगितले नाही. संध्याकाळी मला कळले, तेव्हा चार माणसांसमोर मी त्याला नको नको ते बोललो. मी जितका ओरडलो तितका तो मिटत गेला. रात्री जेवलाही नाही.

मी तुकड्यावर तेल सोडून ठेवले. फजरनंतर गॅरेज उघडले, तर थोड्या वेळाने तो दारात येऊन उभा राहिला. मी त्याच्या हातात डब्यातला बिट दिला.

"साधा बिट उजवीकडे फिरतो. नेहमीचा बोल्ट आवळायची दिशाही तीच. म्हणून साधा बिट अडकला, तर तुकडा आणखी आवळला जातो. हा बिट सोडवायच्या दिशेने फिरतो. भोक पडताना बोल्ट तापतो, हादरतो, मधले लोखंड निघाल्याने आट्यांवरचा ताण कमी होतो. पुष्कळदा तुकडा आपणच बाहेर येतो. नाही आला, तरी एक्स्ट्रॅक्टर लावायला भोक तयार असते. मात्र एक्स्ट्रॅक्टरवर जोर करायचा नाही. तो आत मोडला, तर इतका कडक असतो की साध्या बिटने कापत नाही."

त्याने बरोबर मध्यभागी सेंटर पंच मारला. मशीन रिव्हर्सला टाकले, वेग कमी ठेवला आणि बिस्मिल्लाह म्हणून सुरुवात केली. काही मिनिटांत बिट चावला आणि तुकडा फिरत फिरत बाहेर आला.

तो हसला नाही. हळूच म्हणाला, "अब्बा, काल मी सांगणार होतो. पण तुमची भीती वाटली."

त्याने जोर करून बोल्ट तोडला होता. मीही काल तेच केले होते, आणि समोर लोखंड नव्हते.

कामगार आल्यावर मी त्यांच्यासमोरच त्याला म्हणालो, "काल माझे चुकले." दुपारी शेतकरी आला, तेव्हा मी काही बोलण्याआधीच मुलाने त्याला आपली चूक सांगितली. त्या कामाची मजुरी आम्ही घेतली नाही.

सब्र म्हणजे गप्प बसणे, असे मला वाटायचे. आता वाटते, आपला जोर कोणत्या दिशेने लागतो आहे, हे क्षणभर थांबून पाहणे हाही सब्रच.